भासऱ्यांची उलटतपासणी

माझ्या मामीसमोर एखादं साधं विधान करून सुखरूप परत गेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. "आज फार उकडतंय" एवढं म्हटलं तरी ती हातातलं काम थांबवून विचारणार, कशावरून? कालपेक्षा की परवापेक्षा? मध्य प्रदेशातल्या बालाघाटला तिच्या गल्लीत भाजीवाला "एकदम ताजी हाय" असं ओरडत आला की मामी त्याला दारात उभं करते आणि भाजी तोडताना तू स्वतः हजर होतास का, असं विचारते. तो बिचारा खरं सांगतो, की मंडीत एकानं सांगितलं. "म्हणजे ऐकीव झालं," असं म्हणून मामी त्याची साक्ष बाद करते आणि भाव पाडते. वकील होण्याच्या कितीतरी आधीपासून ती हे करत होती. सनद मिळाल्यावर फरक एवढाच पडला, की लोक ज्याला भांडखोरपणा म्हणत त्याला आता प्रॅक्टिस म्हणू लागले.

सगळ्यात जास्त सोसलं मामानं. मामा उकव्याच्या खाणीत कारकून. आठवडाभर तिकडेच राहतो आणि शनिवारी बसनं घरी येतो. दारात पाय टाकताच त्याची कोर्टातल्यासारखी पेशी सुरू. बस बैहरहून आलेली की उकव्याहूनच सुटलेली, चहाला कुठे थांबली, चहा कोणाबरोबर घेतला, आणि मागच्या शनिवारी हाच माणूस गावाला गेलाय असं तू सांगितलं होतंस ते कसं? मामाचा स्वभाव गरीब. तो पिशवी खाली ठेवायचा आणि हात जोडून म्हणायचा, "मले गुन्हा कबूल हाय. आता जेवाले वाढ."

खरं म्हणजे वकील मी व्हायचं होतं. मी मिनिटभर गप्प बसत नाही एवढ्या भांडवलावर माझ्या वडिलांनी ते ठरवलं होतं. आम्ही बिरसा गावचे. तिथे फोनवर क्लास बघायचा तर नेटवर्क झाडाच्या एखाद्या ठरावीक फांदीखालीच मिळायचं. म्हणून बारावीनंतर प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी मला मामीकडे ठेवलं. मी अभ्यास करते की नाही हे बघायला मामी तांदूळ निवडत शेजारी बसायची आणि थोड्याच दिवसांत तांदूळ बाजूला राहून पुस्तक तिच्या मांडीवर गेलं. "सगळे कावळे काळे आहेत असे समजा" अशी सुरुवात असलेल्या प्रश्नावर ती तासभर अडून बसली. कोणी समजायचं? काहून समजायचं? पण कायद्याचे प्रश्न आले की मी नखं खात बसायची आणि ती कढईतलं ढवळता ढवळता बरोबर उत्तर सांगायची. परीक्षेत माझं जे व्हायचं ते झालं. मी आनंदानं नर्सिंगला गेले. मामीच्या मात्र तोवर लक्षात आलं होतं, की आपण लग्नाआधी बी.ए. झालोय, त्यावर तीन वर्षांचं वकिलीचं शिक्षण घेता येतं आणि त्याला वयाची अट नाही. तिनं मामाची परवानगी मागितली नाही, त्याला निकाल ऐकवला.

कॉलेजात पहिल्या दिवशी सरांनी तिला नम्रपणे सांगितलं, की पालकांनी कृपया बाहेर बसावं. मामी पहिल्या बाकावर जाऊन बसली आणि पालकांनी वर्गात बसू नये असा नियम कुठे आहे ते आधी विचारलं, मग आपण पालक नाही हे सांगितलं. सोबतची पोरं तिला आंटी म्हणायची. वर्षाच्या शेवटी तीच पोरं परीक्षेच्या आदल्या दिवशी तिच्या स्वयंपाकघरात ओळीनं बसून पातोडीचा रस्सा आणि भात खात कलमं पाठ करायची. कारण कलमं राहत होती तिथेच. मामीनं फळीवरच्या प्रत्येक डब्याला दंडविधानातलं एकेक कलम बहाल केलं होतं. मीठ म्हणजे चोरी, हळद म्हणजे मारहाण, साखर म्हणजे फसवणूक. परीक्षेत ती डोळे मिटायची आणि मनातल्या मनात फळीवरून हात फिरवायची. सगळं सुरळीत चाललं असताना सरकारनं जुनं दंडविधान मोडीत काढून नवी संहिता आणली आणि सगळे आकडे बदलले. देशभरातल्या वकिलांना त्रास झाला असेल, पण आमच्या मामाएवढा कोणालाच झाला नसेल. मामीनं एका दुपारी सगळे डबे नव्या क्रमानं लावले आणि पुढचे कित्येक शनिवार मामा वरणात साखर खात होता. तो तक्रार करायला गेला तर ती म्हणाली, नवीन कायद्याची सवय व्हायला वेळ लागतो. गल्लीत कोणी कोणाला चारशेवीस म्हणालं तर ती अजूनही खिडकीतून दुरुस्ती करते, की आता तीनशे अठरा म्हणायचं.

सनद आली, काळा कोट शिवून झाला, आणि अंगाला सवय व्हावी म्हणून मामी ऐन मे महिन्यात कोट घालून भाजी आणायला जाऊ लागली. शेजारच्या बारशालाही ती कोट घालूनच गेली. बाळाच्या नावावरून काही वाद झालाय की काय, असं वाटून दोन पाहुणे पाळण्यापाशी सरसावून बसले. ती एका वयस्कर वकीलसाहेबांच्या हाताखाली लागली. त्यांनी सांगितलं होतं, की पहिली काही वर्षं फक्त ऐकायचं. मामीनं आयुष्यात जे एकच काम केलं नव्हतं, नेमकं तेच त्यांनी तिला दिलं.

एकच काम असं मी म्हणाले, पण ते पूर्ण खरं नाही. जगात एक माणूस होता ज्याच्यापुढे मामी तोंड उघडत नसे. मामाचे चुलत थोरले भाऊ, म्हणजे मामीचे भासरे. आमच्याकडे सून भासऱ्यांशी समोरासमोर बोलत नाही. डोक्यावर पदर घेते, दाराआड उभी राहते आणि निरोप तिसऱ्याकरवी जातो. ते हट्ट्याकडच्या आमच्या आजोळच्या गावाहून बालाघाटला आले, की भाजीवाल्याला घाम फोडणारी ही बाई दाराआडून मला सांगायची, "त्याईले विचार, साखर किती टाकू?" ते माझ्याकडे बघून म्हणायचे, "सांग, कमीच टाका." दोघांमध्ये चार हातांचं अंतर. एकदा घरात कोणीच नव्हतं तर मामीनं मांजराला उद्देशून सांगितलं, की घरधनी शनिवारी येतील. भासऱ्यांनी मांजराचेच आभार मानले आणि निघून गेले. ही गोष्ट सांगून आम्ही पोट धरून हसायचो, मामीही हसायची.

आणि नेमके हेच भासरे साक्षीदार म्हणून तिच्यासमोर आले. दावा आजोळच्याच गावचा. तिथली एक एकटी म्हातारी, मामीची पहिली पक्षकार. तिच्या घराकडे जाणारी आणि पुढे मामाच्या जुन्या अंगणापर्यंत पोचणारी वाट शेजाऱ्यानं भिंत घालून बंद केली होती. म्हातारी धानाच्या बांधावरून तोल सावरत पाणी आणत होती, दोनदा पडलीही होती. शेजारी म्हणत होता, इथे वाट कधी नव्हतीच. त्याच्या घरी भासऱ्यांच्या मुलीची सोयरीक ठरत आलेली. मग भासऱ्यांनीही लिहून दिलं, की वाट नव्हती. नेमकं त्या तारखेला वकीलसाहेबांना वाराशिवनीच्या कोर्टात जायचं होतं. त्यांनी मामीला सांगितलं, उलटतपासणी तुम्हीच घ्या.

आठवडाभर आमच्याकडे तालीम चालली. मी सुट्टीवर आलेली, त्यामुळे भासरे मी. मामी खणखणीत आवाजात सुरू करायची, पण मी मामाचा गमछा डोक्याला गुंडाळला की तिचा आवाज बसायचा. गमछा काढला की पुन्हा खणखणीत. मी हसून हसून बेजार झाले. मामी मात्र हसत नव्हती. एकदा प्रश्न अर्धवट सोडून ती खाली बसली आणि म्हणाली, "मले त्याईच्यापुढं उघड्या डोक्यानं, सरळ बोलायचं हाय. एक बार तरी. नाही तं हा कोट काहून शिवला मी?"

कोर्टात मी मागच्या बाकावर म्हातारीजवळ बसले होते. भासरे साक्षीला उभे राहिले. मामी उठली, आणि तिच्या मनाला विचारण्याआधीच तिचा हात डोक्याकडे गेला. पदर कोटाच्या आत पिनेनं टाचलेला. तो येईना. तिनं ओढला, पीन तुटली, आणि काळ्या कोटातून पांढरा पदर बाहेर येऊन तिच्या डोक्यावर बसला. समोरचे वकील खोकल्यासारखं करून हसले. मामी न्यायाधीशांकडे बघून म्हणाली, साहब, उनसे पूछा जाए. साहेबांनी सांगितलं, की मॅडम, साक्षीदार तिकडे उभा आहे. मामीची मान वळेना. भासऱ्यांनीही तोंड भिंतीकडे केलेलं. टंकलेखक एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होता. पहिले सगळे प्रश्न असेच वाया गेले. वाट होती? नव्हती. कधीच? कधीच नाही. म्हातारीनं माझा हात घट्ट धरला आणि कानात विचारलं, "आपली वकीलबाई बिमार हाय काय?"

मग मामीनं कागद मिटून ठेवला. आणि साहेबांकडेच बघत तिनं हिंदीतून विचारलं, की साक्षीदाराच्या धाकट्या चुलत भावाचं लग्न लागून नवरीची बैलगाडी गावात आली, ती त्यांच्या जुन्या अंगणात कोणत्या वाटेनं गेली? आणि बैलांचा कासरा कोणाच्या हातात होता?

ती नवरी कोण हे तिथे फक्त आम्हा घरच्या-गावच्यांनाच माहीत होतं. भासऱ्यांनी गमछ्यानं तोंड पुसलं. कोर्टाची हिंदी विसरून ते भिंतीलाच म्हणाले, "त्याच वाटेनं. कासरा माह्याच हाती होता."

भिंत पाडायचा हुकूम झाला. गल्लीत पेढे वाटले गेले, पोरांनी फटाके लावले, मामा सुट्टी काढून आला आणि आल्या आल्या गुन्हा कबूल करून मोकळा झाला. पण मामी कोट मांडीवर घेऊन बसून होती. मी कौतुक करायला गेले तर म्हणाली, "बुढी जिंकली माय, मी नाही. मी पदर घेऊनच उभी राह्यली. ते कायद्याले थोडीच भ्याले, पदराची लाज वाटली त्याईले." मला तिची समजूत घालता आली नाही. जी बाई कोणाचं काही ऐकून घेत नाही, तिची समजूत कोण घालणार?

पुढे एका रविवारी सकाळी भासरे आले. मामी सवयीनं दाराआड गेली, मी मधे उभी राहिले. सोयरीक मोडली नव्हती, पण आता त्यांचे मुलगे ते जिवंत असतानाच वाटणी मागत होते. हे त्यांनी मामाला सांगितलं. मामा म्हणाला, कोर्टाजवळच्या रस्त्यावर चांगले वकील आहेत, मी येतो सोबत. भासरे मान हलवत म्हणाले, "माह्यं खोटं ज्याच्यापुढं टिकलं नाही तेच वकील पाहिजे मले."

दाराआडून मामीचा आवाज आला. माझ्यासाठी नव्हता तो, मांजरासाठीही नाही. "ते वकिलापुढं टिकलं नाही असं नाही. पदरापुढं टिकलं नाही."

भासरे दाराकडे बघत म्हणाले, "नाही वो बाई. पदर तं जिंदगीभर साऱ्या सुनांनी घेतला माह्यापुढं. असं विचारलं कोणीच नव्हतं."

मामी बाहेर आली आणि त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसली. पदर खांद्यावर होता. मामा उगाच खिडकीबाहेर बघू लागला. ती म्हणाली, "सांगा, सुरुवातीपासून सांगा." ते टेबलाकडे बघत सांगू लागले, ती कागदाकडे बघत ऐकू लागली, आणि मधे एकदाही तिनं त्यांना अडवलं नाही. मी करून आणलेला चहा दारातच माझ्या हातात निवून गेला. तो नेऊन द्यायला दोघांच्या मधे जावं असं मला वाटेना.