ना मारायचं, ना काढायचं

शाळेत किस्से साठवावे लागत नाहीत हो, खडूच्या धुळीसारखे आपोआप अंगावर बसतात! गुजरातेतल्या, मांडवीजवळच्या आमच्या सरकारी मराठी शाळेतले हे चार-पाच ऐका.

*

कायदा म्हणतो, आठवीपर्यंत कुणाला शाळेतून काढायचं नाही आणि हातही लावायचा नाही. आमच्या मुख्याध्यापिका शिर्केबाईंनी मीटिंगमध्ये जाहीर केलं, "छडी बंद, अंगठे धरणं बंद, उठाबशासुद्धा बंद!"

दुसऱ्याच दिवशी साळुंखे सर सातवीवर असे भडकले, की स्वतःच उठाबशा काढायला लागले. अकराव्या उठाबशीला पहिल्या बाकावरून काकुळतीचा आवाज आला, "बस करा ना सर, आता नाही करणार आम्ही!"

*

एक रिक्षावाले वडील सयाजीगंजहून तडक आले. "बाई, खुशाल फटकावा पोराला, मी लेखी देतो!"

शिर्केबाई म्हणाल्या, "तुम्ही द्याल हो, पण मग मला राजीनामा लेखी द्यावा लागेल!"

*

शेवटी बाईंनी युक्ती काढली. ज्यानं गुन्हा केला, त्यानंच शिस्तीच्या वहीत नोंद करायची. आठवीतल्या पिंकीनं लिहिलं, "मी राहुलला चापट मारली. हळू."

खाली राहुलनं लिहिलं, "हळू नव्हती."

त्याखाली पुन्हा पिंकी, "तो माझ्या आईला लारीवाली म्हणून चिडवतो. ते पण हळू नसतं."

तोवर मी हसत होते. इथं वही मिटून ठेवली. पिंकीची आई खरंच लारी, म्हणजे खाण्याची हातगाडी, लावते.

*

तपासणीला आलेले साहेब ती वही तासभर वाचत बसले. मग म्हणाले, "शेरा काय लिहू?"

बाई म्हणाल्या, "तुमचा गुन्हा लिहा, नियम सगळ्यांना सारखा!"

साहेबांनी खरंच लिहिलं, "चहा दोनदा गार होऊ दिला."

*

पिंकीच्या सात नोंदी झाल्या आणि पालक समितीचे अध्यक्ष मोरेभाऊ बिथरले. रागावले की ते गुजरातीत जातात. "आवुं नहीं चाले, बेन! पोरीला काढा."

काढता येत नाही, हे त्यांनाही ठाऊक. मग पळवाट काढली. आईनंच आपणहून शाळा सोडल्याचा दाखला मागायचा! सेव-उसळीची लारी बंद ठेवून बिचारी आली. वर्षाच्या मध्येच दाखला नेला, की पिंकीचं शिक्षण संपलंच.

आईला लिहिता येत नव्हतं, म्हणून अर्ज पिंकीच लिहायला बसली. कारणाची ओळ आमच्याकडे कोरी चालत नाही. तिथं पेन थांबलं.

"बाई, कारण काय लिहू?"

"खरं असेल ते."

पिंकीनं लिहिलं, आईनं अंगठा उठवला. मोरेभाऊंनी कागद ओढून मोठ्यानं वाचला, "दाखला मागण्याचं कारण: मला ही शाळा खूप आवडते."

बाईंनी कागद त्यांच्या हातातून काढून घेतला, चष्मा लावला आणि पुन्हा एकदा सावकाश वाचला.

"नाही हो मोरेभाऊ, या कारणासाठी दाखला देता येत नाही!"