इटलीसाठी घेतलेले बूट

आईने तोवर आयुष्यात कधी बूट घातले नव्हते. दोह्यात अल मन्सूरामधल्या आमच्या दोन खोल्यांत ती नऊवारीवर मोजे आणि कापडी बूट चढवून स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत फेऱ्या मारायची. "पाय कोंडल्यागत वाटतंय," म्हणायची, पण काढायची नाही.

बूट इटलीसाठी होते. आबा, म्हणजे माझे वडील, पाइपलाइनच्या कामावर वेल्डर होते, पुढे फोरमन झाले. त्यांच्या डब्यातल्या सांडगी मिरच्या खाता खाता त्यांचा इटालियन साहेब मित्र झाला होता. निवृत्त होऊन गावी जाताना तो घराचा फोटो देऊन गेला. टेकडी, द्राक्षांचे वेल, दगडी घर, दारात गाई. द्राक्षं पिकली की मादामला घेऊन ये, म्हणाला.

तो फोटो कित्येक वर्षं आईच्या देवांशेजारी होता. लग्न झाल्यापासून आबा आधी मुंबईत, मग कतारला. आई साताऱ्याकडे शेतात. फोरमन झाल्यावर तिला इथे आणता आलं, तोवर दोघांचे केस पिकले होते. दोघं मिळून कुठेच गेली नव्हती, जेजुरीलासुद्धा नाही.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. त्या सुट्टीत मी दोह्याला पोचले तेव्हा बॅग भरून तयार होती, त्यात साहेबाच्या बायकोसाठी सांडगी मिरच्याही. राहिले होते फक्त पासपोर्ट. ते कंपनीच्या तिजोरीत असायचे आणि देशाबाहेर जायला कंपनीची परवानगी लागायची.

आबांच्या हाताखालचा सावंतवाडीचा फिटर जेवायला आला होता. तो म्हणाला, "फोरमन, बॉम्बेक जातंय म्हणान सांगा. पासपोर्ट हातात इलो की थंयच व्हिसा काढा. कोण बघूक येता?"

"ज्याचं मीठ खातो त्याला खोटं सांगू?"

"मीठ तुमच्याच घामाचा आसा."

आबा हसले. आई म्हणाली, "खरं सांगूनच जाऊ. परत येऊन त्यांनाच तोंड दाखवायचंय."

मॅनेजर इंग्रजीत बोलायचा, म्हणून आबांनी मला सोबत नेलं. इटलीला कोण आहे, असं त्याने विचारलं. जुने साहेब, आबा अभिमानाने म्हणाले. तिथे जाऊन काय करणार? माझी वाट न पाहता आबांनी स्वतःच्या इंग्रजीत उत्तर दिलं, "ग्रेप कटिंग, सर. मी, मॅडम, बोथ."

मॅनेजरने पेन खाली ठेवलं. मग तो माझ्याकडे बघून बराच वेळ बोलला. मला वाटतं, तो वाईट माणूस नव्हता. पण तो जे बोलला ते मला आबांना मराठीत सांगायचं होतं.

"आबा, नाही म्हणतायत."

"का?"

"तुम्ही तिकडे कामाला राहाल, परत येणार नाही, असं त्यांना वाटतं. भारतात जायचं तर देतील."

आबा गोंधळले. "त्यांना सांग, पाहुणं म्हणून गेलं तरी सुगीत कोणी हात बांधून बसतं का?"

मी सांगितलं. इंग्रजीत ते कसंतरीच वाटलं. मॅनेजरने मान हलवली. "खलास," तो म्हणाला, तेवढं आबांना कळलं.

दुसऱ्या दिवशी आईने बॅगेतून मिरच्या काढून तळल्या. बूट मात्र ती घालत राहिली. घेतलेत तर वापरायला हवेत, म्हणाली.

ठरल्याप्रमाणे साहेबाचा फोन खालच्या मल्याळी किराणावाल्याकडे आला. आम्ही तिघं उतरलो. आबांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. पलीकडून मोठ्याने बोलणं ऐकू येत होतं, कधी यायचं ते तो विचारत असावा.

"नो कमिंग," आबा म्हणाले. "मादाम मरीद. सिक. व्हेरी सिक."

पलीकडचा आवाज एकदम उतरला.

"यस. नेक्स्ट इयर. इन्शाल्ला."

फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "मला कशाला आजारी पाडलंत?"

"मग काय सांगू? कंपनी सोडत नाही म्हणून? त्यानं याच कंपनीत जन्म काढला. त्याच्यापुढं कंपनीला नाव कसं ठेवू?"

जिना चढताना आई आमच्या पुढे होती, भरभर जात होती. बूट आता तिला कुठेच चावत नव्हते.