आव्वाला बसवताना

त्या उन्हाळ्यात मी देवाकडे एकच गोष्ट मागत होते: आव्वाला एक रात्र आडवं होऊन झोपता यावं. आमच्या घरात आईला आव्वा म्हणतात. तिचं माहेर सीमेकडचं, तिथून ती हा शब्द बरोबर घेऊन आली. तिचं हृदय थकलं होतं. पाठ टेकली की छातीत पाणी चढल्यासारखं व्हायचं, श्वास अडकायचा आणि ती घाबरून उठायची. म्हणून अनेक महिने ती कॉटवर, मागे घड्या घातलेल्या गोधड्यांचा ढीग रचून, पाय मुडपून बसलेली असायची. जेवण बसून, औषध बसून, झोपही बसूनच. मी रोज सकाळी अंघोळ करून गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचे, भस्म लावायचे, बेलाचं पान वाहायचे आणि तेवढंच मागायचे. फार मोठं मागणं नव्हतं. अंगणातल्या कुत्र्यालाही जे मिळतं तेच मी आईसाठी मागत होते. ते मिळेना, तेव्हा हळूहळू माझी पूजा कोरडी होत गेली. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. वर्गात कुणाचं लक्ष नसताना हजेरी घ्यावी, तशी मी पूजा उरकू लागले. पलीकडे कुणी ऐकत असेल यावरचा विश्वास कधी गेला, हे नेमकं सांगता येणार नाही.

आपल्या शेवटाचा विषय आव्वानेच काढला. मी तो टाळत होते. तिने एका दुपारी, ताक पिता पिता, बाजाराला काय आणायचं हे सांगावं तशा आवाजात विचारलं, "माझं कसं करनार हाईस, ते ठरवलंस काय?" मी विषय बदलला. ती म्हणाली, "साऱ्या शाळेचं वेळापत्रक लावत हुतीस की. माझं येकटीचं लावाय का हात थरथराय लागला?" मग मी तिच्यापाशी बसले आणि आम्ही दोघींनी मिळून सगळं ठरवलं.

वाचकांपैकी काहींना आमची रीत ठाऊक नसेल, म्हणून सांगते. आम्ही लिंगायत आपल्या माणसाला जाळत नाही, मातीत ठेवतो. आणि ठेवतो तेही झोपवून नव्हे, तर बसवून. मांडी घातलेली, डाव्या तळहातात इष्टलिंग, कपाळाला भस्म. खड्ड्याच्या एका अंगाला कोनाड्यासारखी जागा कोरतात आणि तिथे माणूस पूजेला बसल्यासारखा बसतो. व्याकरण शिकवताना मी मुलांना 'बसणे' आणि 'बसवणे' यांतला फरक सांगायचे. गणपती बसवतात, घट बसवतात. आमच्यात माणूसही बसवतात, हे उदाहरण मी वर्गात कधी दिलं नाही, पण फळ्याकडे वळले की ते मनात यायचं. ही रीत पाळायची तर एक अडचण असते. जीव गेल्यावर काही वेळाने शरीर कडक होतं, मग गुडघे वाकत नाहीत. बसवायचं ते लवकर बसवावं लागतं.

जागा आव्वाने स्वतः निवडली. कसबा बावड्याच्या कडेला, उसाला लागून आमच्या समाजाची दफनभूमी आहे. तिथे आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, शेजारी जागा होती. ती नको म्हणाली. "जन्मभर त्येंचं घोरनं ऐकलंय. बसून बी घोरत असतील. मला त्या बेलाखाली बसवा." पातळ कोणतं नेसवायचं, जंगम स्वामी कोणते बोलवायचे, भजन किती वेळ म्हणायचं, हेही तिने सांगितलं. जंगम म्हणजे आमच्याकडचे विधी करणारे. मग तिने शेवटच्या दोन गोष्टी सांगितल्या. पहिली: "मला आडवी घालून पुरू नगंस. बसवूनच ने." दुसरी: "बाळूचा हात लागू दे." बाळू माझा धाकटा भाऊ, ऑस्ट्रेलियात असतो. मी दोन्ही गोष्टींना हो म्हटलं. त्या एकमेकींच्या आड येतील, हे त्या दुपारी आम्हा दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

ती गेली सकाळी, उजाडताना. मी चहा घेऊन आले तेव्हा गोधड्यांना टेकून ती रोजच्यासारखीच बसली होती. फक्त श्वासाचा आवाज नव्हता. शेजारच्या मराठा घरांतल्या बायका धावत आल्या. भल्या माणसांच्या हातांना जे ठाऊक असतं ते त्या करू लागल्या: जमिनीवर चटई अंथरली, तिला खाली घेऊन सरळ निजवायचं, पायाचे अंगठे बांधायचे. त्यांनी तिच्या काखेत हात घातले तेव्हा मी त्यांना थांबवलं. आमच्यात बसवतात, एवढंच म्हणाले. त्या थबकल्या. एक वयस्क शेजारीण म्हणाली, "मग ही तर बसलीयाच की." मला त्या वेळी त्या वाक्याचा अर्थ कळला नाही, मी बाळूला फोन लावत होते.

बाळूने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने तिकीट पाहिलं. कितीही धडपड केली तरी तो परवाच्या आधी पोहोचत नव्हता. फोनवर चेहरा दाखवू का, असं मी विचारलं, तर नको म्हणाला. त्याला हात लावायचा होता. थंड पेटी मागव आणि मी येईपर्यंत तिला ठेव, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. मी पेटी मागवली. जंगम स्वामी आले तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी आव्वाकडे आणि दारातल्या उन्हाकडे पाहिलं. संध्याकाळपर्यंत बसवून ठेवता येईल, त्याच्या पुढे या उन्हात नाही, असं ते म्हणाले. पेटीत ठेवायचं तर आताच पाय सरळ करावे लागतील, आणि परवा ते पुन्हा मुडपणार नाहीत. "आडवं ठेवून माती दिली तर देव काय रागवत न्हाई," ते म्हणाले. "पर आव्वांनी काय सांगितलंय ते तुमालाच ठावं."

मला ठाऊक होतं, आणि तेच अवघड होतं. बसवावं, तर बाळूचा हात लागत नव्हता. बाळूसाठी थांबावं, तर तिला आडवं घालावं लागत होतं. दोन्ही इच्छा तिच्याच होत्या, दोन्हींना मी हो म्हटलं होतं, आणि एक मोडल्याशिवाय दुसरी पाळता येत नव्हती. मी देवघरात जाऊन उभी राहिले. तळहातावर लिंग घेतलं, पण काय मागावं हे कळेना. इतके दिवस निदान मागणं तरी स्पष्ट होतं. शेवटी मी एवढंच म्हणाले की मला ठरवता येत नाही, तूच ठरव. हे भक्तीने म्हटलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. थकून म्हटलं.

बाहेर आले तेव्हा फाटकात एक अनोळखी बाई उभ्या होत्या. साधारण माझ्याच वयाच्या, हातात कापडी पिशवी. आमच्या माडीवरची खोली भाड्याने द्यायची होती आणि ती बघायला या, असं मीच त्यांना आठवड्यापूर्वी फोनवर सांगितलं होतं. मी साफ विसरले होते. त्यांच्या मुलाला इकडे नोकरी लागली होती. दारातल्या चपला बघून त्या समजल्या. "मी कोडोलीची. खोली बघाय आलतो. ऱ्हाऊ द्या आता," असं म्हणून त्या परत निघाल्या, आणि दोन पावलं जाऊन वळल्या. आत येऊन आव्वाजवळ बसू का, असं त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्या आव्वाच्या पायाशी बसल्या, डोळे मिटून पुटपुटत त्यांनी प्रार्थना केली. त्या ख्रिस्ती होत्या, हे मला शेवटच्या 'आमेन'वरून कळलं. मग त्यांनी आव्वाचा हात आपल्या हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

त्याच वेळी बाळूचा पुन्हा फोन आला. पेटी आली का, असं तो विचारत होता. फोन सगळ्यांना ऐकू येईल असा लावलेला होता. पेटीत ठेवलं तर परवा तिला बसवता येणार नाही, आणि बसवूनच ने असं ती सांगून गेली आहे, एवढं मी त्याला सांगितलं. गाडी कोपऱ्यावर आली आहे, असं बाहेरून कुणीतरी सांगत होतं. चटई अजून अंथरलेलीच होती. कोडोलीच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "मी बोलू काय, बाई?" मी फोन त्यांच्यापुढे धरला.

"भाऊ, तुमी मला वळखत न्हाई. मी कोडोलीची, खोली बघाय आलतो. आमच्यात बी माती देत्यात, पर पेटीत झोपवून. आमचं मालक गेलं तवा थोरला सौदीला हुता. त्यो येईस्तवर आमी त्यास्नी गार पेटीत ठिवलं. चर्चचं पाळक थांबलं, सारी मंडळी थांबली. आला पोरगा. झाकण काढलं, बाबाच्या गालाला हात लावला, आन् तसाच मागं सरला. अजून म्हनतोय, आई, बाबा आटवाय गेलो की ती गारठच पयली हाताला येती." त्या थांबल्या. "तुमची आई आत्ता ऊन हाय, भाऊ. त्येंचा हात माझ्या हातात हाय."

बाळूने विचारलं, "कशी दिसते?"

"बसल्यात. खोली बघाय आलेल्या मानसाला 'या, चा घ्या' म्हनतील, अशा बसल्यात."

पलीकडून रडणं ऐकू आलं. फोन केल्यापासून तो पहिल्यांदाच रडत होता. मग तो मला म्हणाला, "आक्का, तिला आडवी करू नको. बसव. मी मागनं येतो."

पेटीची गाडी दारातून परत गेली. शेजारणींनी चटई गुंडाळली. आम्ही आव्वाला तिथेच, तशीच, न्हाऊ घातलं. पाय आधीच मुडपलेले होते. ते नीट मांडीत आणायला एका हाताचा आधार पुरला. आणि तेव्हा त्या वयस्क शेजारणीचं सकाळचं वाक्य मला ऐकू आलं. तिला बसवावंच लागलं नाही. मी महिनोन्महिने जे मागत होते ते त्या रात्री मिळालं असतं, तर आव्वा पाठ टेकून झोपली असती, रात्रीच कधीतरी झोपेत गेली असती, आणि मी सकाळी चहा घेऊन आले असते तेव्हा तिचे पाय सरळ आणि कडक झालेले असते. मी याला चमत्कार म्हणत नाही. डॉक्टर याचं कारण सहज सांगतील, आणि ते बरोबरच असेल. शिवाय त्या महिन्यांत तिने जे सोसलं ते या एका गोष्टीने पुसलं जात नाही. एवढंच सांगते की, नाकारलेल्या मागणीकडे मी त्या दिवशी पहिल्यांदा दुसऱ्या बाजूने पाहिलं.

केळीचे खुंट आणि झेंडूच्या माळा लावून विमान सजवलं. आमच्यात तिरडी नसते, बसलेल्या माणसाला खुर्चीसारख्या विमानातून नेतात. ते खांद्यावर घ्यायला शेजारचे मराठा तरुणही पुढे आले. भजन तिने सांगितलं होतं तेवढंच झालं. मुलाच्या जागी मुलीने सगळं केलं तर चालेल का, असं कुणीतरी विचारलं. स्वामी म्हणाले, "न्हाई कोन म्हनतंय? आव्वा म्हनाल्या असत्या काय?" बेलाखाली कोरलेल्या कोनाड्यात तिला पूर्वेकडे तोंड करून बसवलं. तिचं इष्टलिंग तिच्या तळहातावर ठेवून मी तिची बोटं मिटली. भस्म, बेल, मीठ, मग माती. कोडोलीच्या बाई शेवटपर्यंत थांबल्या. त्यांनीही मूठभर माती दिली आणि बसच्या वेळेला निघून गेल्या. माडीचा जिना गुडघ्यांना झेपणारा नाही म्हणून त्यांनी पुढे दुसरीकडे खोली घेतली. त्यांचं नाव मी विचारलंच नाही. त्यांचे उपकार कुणाच्या नावाने आठवायचे हे मला ठाऊक नाही, म्हणून देवाच्या नावाने आठवते.

बाळू तिसऱ्या दिवशी दुपारी आला आणि सामान घरात टाकून थेट दफनभूमीत चालत निघाला. मी मागोमाग गेले. ढिगाऱ्यापाशी तो उभा राहिला. कुठे उभं राहावं हे त्याला समजत नव्हतं. इकडून तिकडे गेला, पुन्हा परत आला. मग त्याने विचारलं, "आक्का, तोंड कुठं हाय तिचं?" मी पूर्व दाखवली. तो वळसा घालून पलीकडे गेला, बूट काढले आणि मातीवर मांडी घालून तिच्या समोर बसला. लहानपणी ती भाकरी करायला बसली की तव्याच्या पलीकडे बसायचा, अगदी तसा. मग पुढे वाकून त्याने दोन्ही तळवे मातीवर ठेवले. सकाळपासूनच्या उन्हाने माती तापली होती.

"आक्का," तो म्हणाला, "ऊन हाय गं."

मी अजूनही देवाकडे मागते. मागू नये असं मी कुणाला सांगणार नाही. फक्त क्रम बदलला आहे. सकाळी लिंग तळहातावर घेतलं की आधी मी नुसती बसते. मागायचं असेल ते नंतर. आणि पुष्कळदा, नंतर मागायचं काही उरत नाही.