कोंबडी छाप वह्या

आमच्या ह्यांना नावाचा भारी सोस. नाव म्हणजे स्वतःचंच. ते काय आहे हे मी सांगत नाही. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, आणि मी काही जगावेगळी नाही. पण ज्याची बायको नाव घेत नाही, त्याने तिलाच दुकानावर बसवून गावभर नाव करायला निघावं म्हणजे काय म्हणायचं?

तळोद्याला आमचं कागदाचं दुकान. नंदुरबारला आगगाडीने कोऱ्या कागदाचे गठ्ठे उतरायचे, तिथून बैलगाडीने घरी. कागद दुमडायचा, कापायचा, दाभणाने शिवायचा, पुठ्ठ्याला खळ लावून चिकटवायचा, की झाली शाळेची वही. हे सगळं मी करायची. पाकिटंही मीच चिकटवायची. भाकरीला पीठ एक वेळ कमी पडेल, पण खळीचं पातेलं चुलीवरून उतरलं नाही कधी. आणि हे काय करायचे? हे वाटायचे. कोणाच्या घरी लग्न निघालं की पताका आमच्या. तापीकाठी प्रकाशा गावच्या जत्रेला कागदी पंखे आमचे. शाळेत बक्षिसाच्या वह्या आमच्या. सगळं फुकट. विचारलं की म्हणायचे, "लोकेस्ना तोंडमा मन्हं नाव ऱ्हायाले पाहिजे."

मग त्यासाठी ठसा हवा. सुपडू सुतार आमच्या गल्लीतला. त्याला ह्यांनी शिसवाचा टीचभर ठोकळा दिला आणि चिठ्ठीवर नाव लिहून दिलं. वर मोर काढ, खाली हे नाव कोर. सुपडू बैलगाडीची चाकं उत्तम करायचा, पण मोर त्याने जन्मात कोरला नव्हता. मान, चोच, पोट सगळं ऐसपैस काढलं आणि पिसाऱ्याला जागाच उरली नाही. नाव चिठ्ठीवर होतं तसं सरळ कोरलं. ठशात ते उलटं कोरावं लागतं हे त्याला कोण सांगणार? हे तर तिकडे चहा पीत बसले होते. पहिली वही छापली तेव्हा खाली अक्षरं उलटी उमटली, आणि वर जे उमटलं ते बघून मी म्हटलं, "हाई कोंबडी शे."

दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, मोरच आहे, नीट बघ. आणि नावाचं काय, तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले, "आरसामा धरीसन देखा, बरोबर दिसस." आता वही घ्यायला कोण आरसा घेऊन येतं? मी कपाळावर हात मारून घेतला.

दुकानावर बसायची मी. नवं गिऱ्हाईक विचारायचं, "हाई दुकान कोनं शे, माय?" मी म्हणायची, ह्यांचं. कोणाचं ह्यांचं? घरधन्याचं. त्याचं नाव काय? झालं, मी गप्प. दिवसातून दहा वेळा हाच घोळ. एकदा चुलीवर खळ करपत होती, हातात दाभण होतं, आणि समोरचा माणूस नाव ऐकल्याशिवाय हलेना. माझं डोकं फिरलं. मी छापावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "कोंबडीवालानं."

तेच रुजलं. होळीआधी भोंगऱ्या बाजार भरला की सातपुड्यातले लोक खाली उतरायचे. होळीला नाचणारे डोक्यावर उंच टोप घालतात, त्याला लावायला रंगीत कागद लागतो. त्या गठ्ठ्यावरही आमचा ठसा. वाचता कोणाला येत नव्हतं, पण कोंबडी सगळ्यांना येत होती. वरच्या पाड्यातला जामसिंग दरवर्षी यायचा, गठ्ठा उलटा करून आधी कोंबडी बघायचा, मगच उचलायचा.

ह्यांना कळलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या घरात अंडं शिवत नाहीत आणि बाजार कोंबडीवाला म्हणतो. मला म्हणाले, "तुन्हा तोंडले कुलूप व्हतं का? लगनमा उखाना लिना तवय बी तू असं पुटपुटनी का कोनलेच ऐकू वनं नही." ते खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला. मी म्हटलं, मग स्वतः बसा दुकानावर.

बसले. नंदुरबारहून नवा ठसा करून आणला. भरगच्च पिसारा, खाली सुलटं ठसठशीत नाव. भोंगऱ्याला गठ्ठे मांडले. जामसिंग आला, गठ्ठा उलटला, पालटला, कोंबडी सापडेना. हा कागद तो नव्हे म्हणाला, ठेवून दिला आणि गेला. त्याच्यामागून येणारे सगळे तसेच. दुपार कलली तेव्हा ह्यांनी जुना ठसा काढला, शाईत बुडवला आणि एकेका गठ्ठ्यावर स्वतःच्या हाताने कोंबडी उठवत बसले. मी हसले नाही. हसण्यासारखं तोंड नव्हतं त्यांचं.

दोन वर्षांनी ह्यांना अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. त्याआधी महिनाभर जामसिंगच्या पाड्यात कुडाची शाळा उभी राहिली होती आणि ह्यांनी पोरांसाठी कोंबडी छाप वह्या पाठवल्या होत्या. जामसिंग बैलगाडी घेऊन आला. शाळेत कार्यक्रम आहे, शेठला यायलाच पाहिजे. मी नको म्हटलं, ह्यांनी डाव्या हाताने गाडीचा दांडा धरला तो सोडेनात. शेवटी निघालो.

शाळेची भिंत नवी सारवलेली. त्यावर परगावच्या मास्तरांनी तांबड्या कावेने कोंबडी काढली होती आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. मला वाचता येत नाही. मास्तरांनी सगळ्यांना वाचून दाखवलं, "वह्या देणारे कोंबडीवाला शेठ, तळोदे." पोरांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर मला म्हणाले, "बरोबर आहे ना, बाई?"

ह्यांनी तोंड उघडलं. नुसतं आं आं झालं. डाव्या हाताने माझा पदर धरला आणि माझ्याकडे बघत राहिले. त्या पाड्यात ह्यांचं नाव ठाऊक असलेलं माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

मला इतका संताप आला की सांगता येत नाही. सुपडूचा आला, मास्तरांचा आला. जन्मभर नावासाठी माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या आणि नेमक्या वेळी माझ्यावर सोपवून मोकळा झाला, त्या माणसाचा आला. आणि माझा स्वतःचा आला, कारण ती कोंबडी मीच बाजारात सोडली होती.

मी पदर कपाळावर ओढला. "चित्र राहू द्या," मास्तरांना म्हटलं, "खालचं पुसा. मी सांगते ते लिहा."

आणि सांगितलं. मास्तर ओला बोळा भिंतीवर फिरवत होते, त्यांना ऐकू गेलं नाही. मग पुन्हा सांगितलं, मागच्या रांगेतल्या पोरांनाही ऐकू जाईल असं.

"पितांबर."