वर्ष पाळण्याच्या आड

बायको गेल्यावर वर्षभर आमच्या घरात सण झाला नाही. आमच्याकडे सगळेच हे पाळतात. दिवाळीला आकाशकंदील नाही, गोडधोड नाही, लग्नामुंजींना जाणं नाही. कोणाचं बोलावणं आलं की मी म्हणायचो, "अजून वर्ष व्हायचंय." ग्वाल्हेरच्या आमच्या मराठी घरांत या वाक्यापुढे कोणी काही बोलत नाही.

त्या वाक्याआड माझं काय चाललं होतं ते कोणाला दिसलं नाही. बराच काळ मलाही नाही. दाल बाजारातून नमकीनची मोठी पाकिटं आणून मी उशाशी ठेवायचो. भूक लागली की पडल्या पडल्या पाकिटात हात. चहा दिवसातून दहा-बारा वेळा. तंबाखू मी तिच्या सांगण्यावरून वीस वर्षांपूर्वी सोडली होती, ती तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा धरली. आंघोळ आठवण झाली तर. पडदे ओढलेले. माझी सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात झाली, त्यामुळे हातात पुस्तक असायचंच, आणि हातात पुस्तक असलं की माणूस बरा आहे असं लोक धरून चालतात. श्रावणापासून दसऱ्यापर्यंत त्या पुस्तकाचं एकच पान उघडं होतं.

थोरला भाऊ आता हयात नाही. वहिनी मुलीबरोबर नया बाजारात राहतात. त्या अधूनमधून डबा पाठवायच्या आणि मी तो घासून परत करायचो. बहुतेक वेळा आतलं अन्न दाराशी येणाऱ्या गायीने खाल्लेलं असे. नात्यातली एक बाई माझ्यासमोरच म्हणाली, "किती मनापासून पाळतायत हो!" मला तेव्हा बरं वाटलं होतं. हे लिहिताना लाज वाटते.

वर्षश्राद्ध झालं. आठ दिवसांनी वहिनींचा फोन आला. त्यांच्या भाच्याच्या मुलाची मुंज होती.

"भावजी, रविवारी यायचंय बरं का. मुलगी न्यायला येईल."

मी तोंड उघडलं, पण नेहमीचं वाक्य आता चालणार नव्हतं.

"ऐकताय ना?"

"मला नाही जमायचं."

"का?"

वर्षभरात हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी काहीतरी पुटपुटून फोन ठेवला. इतके दिवस मला वाटत होतं की मी वर्ष संपण्याची वाट पाहतो आहे, मग उठेन. वर्ष संपलं होतं आणि मी पलंगावरच होतो. असंच चालू राहिलं तर एखाद्या सकाळी आपले डोळे उघडणार नाहीत, असं मनात आलं. त्याचं मला काहीच वाटलं नाही. काहीच वाटलं नाही याची मात्र थोड्या वेळाने भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतणी आली. आईने धाडलं होतं हे उघड होतं. तिने पडदे सारले आणि नाकाला ओढणी लावली.

"काका, ये क्या हाल बना रखा है? ही खोली आहे की नमकीनचं गोदाम?"

तिने झाडू घेतला, पलंगाखालून सगळं ओढून काढलं, मला आंघोळीला पाठवलं आणि स्कूटरवर बसवून पडाव भागातल्या एका डॉक्टरांकडे नेलं. औषधांच्या दुकानाच्या वर त्यांचा दवाखाना आहे.

डॉक्टरांनी विचारलं, "खाना?"

"दोनों टाइम।"

"नींद?"

"ठीक है।"

"तंबाकू?"

"कभी-कभार।"

त्यांनी पोट दाबून पाहिलं, पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या. आम्ही जिना उतरू लागलो. अर्ध्यावर पुतणी थांबली.

"काका, मी आज तुमच्या पलंगाखाली झाडलंय. त्यांना तुम्ही कोणाबद्दल सांगत होतात?"

तिचा आवाज चिडका नव्हता, रडवेला होता. मी कठडा धरून उभा राहिलो. खाली उतरलो असतो तर पुन्हा वर आलो नसतो, एवढं मला स्वतःबद्दल ठाऊक होतं. मी वळलो आणि पुन्हा रांगेत बसलो.

"मैंने आपको सब ग़लत बताया," मी डॉक्टरांना म्हणालो. मग खरं सांगितलं. पाकिटं, तंबाखू, गाय, उघडं पान. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मरने का ख़याल आता है?"

"आता है तो बुरा नहीं लगता।"

त्यांनी मनाच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहिली. "आज ही जाइए, कल नहीं। और खाना अकेले मत खाइए।"

याला चार महिने झाले. मनाच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. झोप थोडी लागते, सकाळ अजून जड जाते. दुपारी चालत वहिनींकडे जेवायला जातो. रोज येऊ का, हे मी त्यांना दारातच उभं राहून विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "या. पण गाय बरोबर आणू नका." म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं.

आज दीड पोळी गेली. परतताना कोपऱ्यावर तंबाखूही घेतली. मंगळवारी डॉक्टर विचारतील, तेव्हा दोन्ही सांगायचं आहे.