सुसाटच्या आईचं कार्ड

ऑफिसात तिला सगळे कार्डबाई म्हणत. शिपायापासून मालकांपर्यंत सगळे. ती छप्पन्न वर्षांची होती आणि त्यातली एकोणतीस वर्षं तिने तिसऱ्या मजल्यावरच्या एका लांबट खोलीत, लाकडी खणांच्या भिंतीसमोर काढली होती. खणांत कार्डं होती. माणसांची निळी, वस्तूंची पिवळी, जागांची पांढरी. ही माणसं, वस्तू आणि जागा यांपैकी एकही खरी नव्हती.

दर आठवड्याला निघणाऱ्या ‘सुसाट’ या चित्रकथांच्या अंकाचं ते ऑफिस. सुसाट दिवसा पोस्टमन आणि गरज पडली की वाऱ्यापेक्षा जोरात पळणारा. त्रेचाळीस वर्षं तो पळत होता आणि वय अठ्ठावीसच होतं. त्याच्याविषयी जे काही अंकात आलं, ते कार्डबाई कार्डावर टिपून ठेवी. डाव्या खांद्यावर जखमेची खूण, अंक ९४. बोटीची भीती, अंक १४०. भीती गेली, अंक २०२. परत आली, अंक २३१. छपाईला जायच्या आधी प्रत्येक पान तिच्या टेबलावर येई. हातातली लाल पेन्सिल फिरवत ती बघे, की गेल्या वर्षी विकलेली सायकल या आठवड्यात सुसाटच्या दारात उभी तर नाही ना. काही सापडलं तर गोल, आणि शेवटी खाली सही. तासाभरात पान परत.

“कार्डबाई, सुसाटला चष्मा कधी लागला हो?” चित्रकार जिन्यातूनच ओरडे.

“लागला नाही. अंक आठशे सातमध्ये दुसऱ्याचा घातला होता.”

“तुमचा नवरा काय लपवत असेल घरी, देव जाणे!”

“त्याचं कार्ड कोरंच आहे,” ती म्हणे आणि चित्रकार हसत वर जाई. ती हसत नसे, पण तिच्या तोंडून अशी उत्तरं आपोआप येत. सवयीने.

अंक मात्र खपेनासा झाला होता. तो खपावा म्हणून काय काय झालं, हे तिच्याइतकं जवळून कुणी पाहिलं नसेल. एक वर्ष अंकासोबत शिट्टी दिली. पालकांची चिडून पत्रं आली, मुलांची एकही नाही. मग सुसाटला पोस्टाचा गणवेश काढून फाटकी जीन्स घातली. मग त्याला हल्लीच्या पोरांची भाषा बोलायला लावली, आणि ती लिहिली पन्नाशीच्या लेखकाने, त्यामुळे सुसाट दोन महिने लग्नात चढलेल्या काकासारखा बोलत होता. मग फोनवर अंक आला. तो वाचणारेही तेच निघाले, कागदावरचा वाचणारे. फक्त आता चष्मा कपाळावर सरकवून वाचत. वाचक वाढत नव्हता, म्हातारा होत होता.

मालक थकले, तसा कारभार त्यांच्या मुलीकडे आला. तिला सगळे छोट्या बाई म्हणत. बाई हुशार, बोलायला स्पष्ट, मनाने वाईट नाही. एका सोमवारी त्यांनी कार्डबाईला खाली बोलावलं. नवा लेखक आधीच बसलेला होता, पाय हलवत.

“कार्डबाई, मुलं म्हणतात, सुसाट वाचायचा तर आधीचे बावीसशे अंक वाचावे लागतील. कोण वाचणार? म्हणून आम्ही ठरवलंय, पुन्हा अंक एकपासून सुरुवात करायची.”

“आणि आधीचं?”

“आधीचं झालंच नाही,” नवा लेखक म्हणाला. “म्हणजे झालं, पण आता नाही झालं. पाटी कोरी.”

“सगळी नाही,” छोट्या बाई त्याच्याकडे बघत म्हणाल्या. “जुन्यातलं एका पानात मावेल एवढं घ्यायचं. काय घ्यायचं ते तुम्ही लिहून द्या. पंधरा दिवसांत. हे दुसऱ्या कुणाला जमणार?”

एकोणतीस वर्षांचं एक पान. कार्डबाईने मान डोलावली. आपल्याला वाईट वाटायला हवं, हे तिला कळलं. पायऱ्या चढताना तिने जरा वाट पाहिली. मग खोली आली आणि ती कामाला लागली.

असं तिचं बऱ्याच वर्षांचं होतं. दात काढताना देतात तशी भूल कुणीतरी दिली होती आणि ती उतरायचीच राहिली होती. मुलगी लग्न होऊन दूर देशी गेली, नवऱ्याचं हृदयाचं ऑपरेशन झालं; तिने बॅगा नीट भरल्या, औषधांच्या वेळा भिंतीवर लावल्या, कुठे काही चुकलं नाही. लोक म्हणत, काय खंबीर बाई आहे! ती म्हणे, हो ना.

धान्य निवडावं तसं तिने खण निवडायला घेतले. पहिल्या आठवड्यात बोटीची भीती गेली, सायकल गेली, तीन कुत्री आणि सोळा खलनायक गेले. कागदावर वीस ओळी मावत. एकोणीस ठरल्या. विसावी अडली, कारण ती सुसाटच्या मावशीची होती.

मावशीची गोष्ट इथे सांगायला हवी.

सुसाटला आई होती. अंक ३८८ मध्ये पूल कोसळला आणि ती गेली. सुसाट आयुष्यात एकदाच उशिरा पोहोचला, तो तिथे. त्या अंकाने लोक रडले होते. कार्डबाई नोकरीला लागली त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, पण जुने अंक वाचून आईचं निळं कार्ड तिनेच केलं होतं: आई. मृत्यू, अंक ३८८. असं असूनही, बावीस वर्षांपूर्वी, अंक १०९२ च्या चौथ्या पानावर सुसाट थकून घरी येतो, दार उघडतं आणि आई ताट घेऊन उभी. “किती उशीर! हात धू आधी.” नव्याने लागलेल्या चित्रकाराला ती गेल्याचं माहीतच नव्हतं. लेखक घाईत होता. पान कार्डबाईकडे आलं. तिने पाहिलं आणि खाली सही केली.

तीनशे चाळीस पत्रं आली. दातांच्या एका डॉक्टरने तर आईच्या मरणाचं अख्खं पान कापून, लाल शाईने प्रश्नचिन्ह काढून पाठवलं. थोरले मालक पोट धरून हसले.

“कार्डबाई, लोक चष्मा चुकतात, बूट चुकतात. तुम्ही तर मेलेलं माणूस उठवलंत! आता निस्तरा.”

तिनेच निस्तरलं. आईला जुळी बहीण होती, जहाजावर स्वयंपाकीण, वर्षानुवर्षं बाहेर. ती परत आलीय, असं तिने सुचवलं. मावशी चार अंकांपुरती आणली होती. पण ती तोंडाळ निघाली, पत्त्यांत लबाडी करणारी, सुसाटलाही न जुमानणारी. “पळतोस कसला, जिना चढताना धापा टाकतोस.” लोकांना ती फार आवडली. बावीस वर्षं राहिली.

चूक कशी झाली, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तिला सांगता आलं नसतं. त्याच आठवड्यात, सोमवारी, तिची स्वतःची आई गेली होती. गुरुवारी ती टेबलावर हजर होती, कारण अंक थांबत नाही आणि घरी बसून करायचं काय. रडू येईल म्हणून तिने पर्समध्ये दोन रुमाल घेतले होते. ते संध्याकाळी घडी न मोडता घरी गेले. मधल्या वेळात ते चौथं पान समोर आलं. दारात आई उभी, हातात ताट. तिने ते नीट, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तपासलं. आई दारात असण्यात तिला काहीच चुकीचं दिसलं नाही.

आता नव्या लेखकाचं म्हणणं होतं की पाटी कोरीच आहे तर आई गेलेलीच नाही. आणि आई आहे तर मावशी कशाला? कार्डबाईपुढे सरळ प्रश्न होता. विसावी ओळ लिहिली तर मावशी राहील. नाही लिहिली तर त्या गुरुवारची जगात उरलेली एकुलती एक खूण पुसली जाईल.

“एवढं काय त्यात?” रात्रीच्या जेवणाला नवरा म्हणाला. “चित्रातली बाई ती.”

“हो.”

“मग लिहून टाक, नाही तर खोडून टाक.”

“हो,” ती म्हणाली आणि त्याला वाढलं. सकाळी ऑफिसात गेल्या गेल्या तिने विसावी ओळ लिहिली, तीही सर्वांत वर: सुसाटला आई नाही. मावशी आहे.

शुक्रवारी बैठक भरली. छोट्या बाई, नवा लेखक, चित्रकार आणि ती. पान सगळ्यांच्या हातात गेलं.

“बाकी झकास,” नवा लेखक म्हणाला. “पण ही पहिली ओळ... आपण साडेचारशे मुलांना विचारलंय. मुलांना घरात आई हवी. मेलेली आई म्हणजे पहिल्याच पानावर सुतक.”

“मावशी मजेशीर आहे रे पण,” चित्रकार म्हणाला. “मला तिचं नाक काढायला आवडतं.”

“तुझं नाक सांभाळ,” नवा लेखक म्हणाला. “मावशी का, हे नव्या मुलाला दोन वाक्यांत सांगता यायला हवं. येतं का?”

“कार्डबाई,” छोट्या बाई म्हणाल्या, “तुमच्याकडे काही कारण असेल, तर आम्ही ऐकतो. उगाच हट्ट करणाऱ्यातल्या तुम्ही नाही.”

कार्डबाईने समोरच्या कपातल्या चहाकडे पाहिलं. मग पानांची यादी वाचावी तशा आवाजात तिने सांगितलं.

“अंक दहाशे ब्याण्णवमधली चूक माझी. त्या सोमवारी माझी आई गेली होती. गुरुवारी पान आलं. आई दारात उभी होती. मला ते बरोबर वाटलं.”

एवढंच. सहावं वाक्य नव्हतं. चित्रकाराने पेन्सिल खाली ठेवली. ते चौथं पान त्यानेच काढलं होतं, नोकरीच्या पहिल्या महिन्यात, आणि चूक आपल्या अंगावर आली नाही म्हणून तो बावीस वर्षं मनातल्या मनात तिचे आभार मानत होता.

“अहो, मग तुम्ही सांगायचंत तरी,” तो म्हणाला.

“कुणाला?” तिने विचारलं. टोमणा नव्हता, तिला खरंच कळलं नव्हतं.

नवा लेखक पाय हलवायचा थांबला होता. त्याचे डोळे चमकले. “बाई, हे... हे जबरदस्त आहे. हेच कारण! हे पहिल्या अंकाच्या मागच्या पानावर छापू. तुमचा फोटो, त्या गुरुवारचं पान, खाली तुमची सही. लोकांना आता पडद्यामागची खरी माणसं हवी असतात. तुम्ही फोनच्या कॅमेऱ्यासमोर हे असंच, याच आवाजात सांगा. मिनिटभराचं. मग मावशी ठेवायला कुणाची ना नाही!”

छोट्या बाईंनी त्याला गप्प केलं नाही. त्या हळूच म्हणाल्या, “कल्पना वाईट नाही, कार्डबाई. तुमचा मान राखूनच करू. आणि खरं सांगू? हे छापलं तर मावशीला ठेवता येईल. नाही तर मला बाबांनाही कारण देता येणार नाही.”

सगळे तिच्याकडे बघत होते. तिला राग आला नाही. नवा लेखक चुकीचं बोलत नव्हता. त्याचं कामच ते होतं, लोकांनी पान उलटावं याची सोय करणं. तिने मनात फोटो पाहून घेतला, आपला, हातात लाल पेन्सिल धरलेला. त्याखाली साडेचारशे मुलांचे फोनवर वर केलेले अंगठे.

“ते छापायचं नाही,” ती म्हणाली.

“अहो, पण मग मावशी...”

“काढा.”

आणि कुणी काढायच्या आधी तिनेच आपल्या प्रतीवरची पहिली ओळ खोडली. पट्टी लावून, सरळ. मग बाकीच्यांच्या प्रती मागून घेतल्या आणि त्यांवरही खोडली. नवा लेखक आपली प्रत देताना म्हणाला, “सॉरी हं. तुम्हाला वाईट वाटावं म्हणून नव्हतो बोललो.”

“नाही वाटलं,” ती म्हणाली. ते खरं होतं.

पुढच्या सोमवारी भिंतीपुढे नवा खण आला, पत्र्याचा. जुने खण तळमजल्यावर हलवले; हमाल मधेच थांबून विचारत होते, या डब्यांत आहे तरी काय एवढं जड. तिने कोऱ्या निळ्या कार्डांचं पाकीट फोडलं. पहिलं सुसाटचं. वय चौदा, पोस्टमनचा मुलगा. दुसऱ्या कार्डावर तिने लिहिलं: आई. जिवंत, अंक १. अक्षर नेहमीसारखंच आलं. शाई वाळेपर्यंत ती थांबली आणि कार्ड खणात उभं केलं.

दुपारी पहिल्या अंकाची पानं आली. सहाव्या पानावर सुसाट जिन्यावरून उड्या मारत खाली जातो आणि वरून, कठड्यावरून वाकून, आई ओरडते: “टोपी राहिली! अरे, टोपी!” चित्रकाराने तिला नवीन चेहरा दिला होता, गोल, तरुण, केस मागे बांधलेले. कार्डबाईने लाल पेन्सिल घेतली. पहिल्या चौकटीत आईच्या डाव्या मनगटावर घड्याळ होतं, तिसरीत उजव्या. तिने गोल केला. समासात लिहिलं, घड्याळ एकाच हातात ठेवावे. खाली सही केली.

बाकीची पानं तासाभरात परत गेली. ते एक पान तिने दुसऱ्या दिवशी सकाळी दिलं. उशीर का झाला, असं कोणी विचारलं नाही.