तूट कितली शे?

"गुरुजी, आवंदा तूट कितली शे?"

सकाळी दात घासत दाराबाहेर आलो की पहिला प्रश्न हाच. विचारणारा माणूस पन्नाशीचा, बनियनवर, उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत उभा. 'यंदा सरकारची तूट किती' हे त्यांना माझ्याकडून ऐकायचं असायचं, कारण आमच्या गल्लीत मराठी वर्तमानपत्र फक्त माझ्याकडे यायचं, तेही एक दिवस शिळं.

ही नव्वदनंतरची गोष्ट. मी सुरतेत महापालिकेच्या मराठी शाळेत शिक्षक होतो आणि लिंबायतमध्ये एका गल्लीत खोली घेऊन राहत होतो. बत्तीस खोल्या, एक बोअर, एक टाकी, टोकाला पिठाची गिरणी. माझ्या शेजारच्या खोलीत हे गृहस्थ एकटे राहायचे. बायको वारलेली, मुलगी नंदुरबारकडे दिलेली. सगळे त्यांना आबा म्हणत.

आबा लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात बीम जोडायचे. लूमवरच्या बीमचं, म्हणजे ताण्याच्या रुळाचं, सूत संपलं की नव्या बीमची हजारो टोकं जुन्या टोकांना एकेक करून गाठ मारून जोडावी लागतात. दिवसभर तेच. त्यामुळे बोटं रिकामी असली तरी गाठी मारत राहायची. एकदा वर्तमानपत्रात 'तूट वाढली' असा मथळा त्यांनी वाचला आणि त्यांना वाटलं, ही आपल्याच धंद्यातली बातमी आहे. दिल्लीत इतकं सूत तुटतं आणि जोडायला माणूस मिळत नाही. मी खरा अर्थ समजावून सांगितला. ते निराश होतील असं मला वाटलं होतं, पण झालं उलटंच. "म्हणजे आवक कमी, खर्च जास्त, आणि मधली जागा उघडी," ते म्हणाले. "तरी देश चालू शे?" त्या दिवसापासून त्यांना दुसरा विषय उरला नाही.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ज्या गोष्टीशी आपला काडीचा संबंध नाही, तिच्यासाठी रक्त आटवणारी. पण आबांइतकी तयारी कुणाची नसेल. तेव्हा अर्थसंकल्प फेब्रुवारीअखेर संध्याकाळी पाच वाजता मांडत. आबा त्या दिवशी चार वाजताच बीम सोडून यायचे, अंघोळ करायचे, धुतलेला सदरा घालायचे आणि गल्लीतल्या मावशींच्या खानावळीत टीव्हीसमोर बसायचे. भाषण इंग्रजीत असायचं. आबांना इंग्रजीतला एक शब्द येत नव्हता. तरीही पूर्ण वेळ ते मान डोलवत ऐकायचे.

"काय कळलं?" मी एकदा विचारलं.

"शब्द नही ऐकाचे गुरुजी. आवाज ऐकाचा. आता बघा, इथे मंत्री पाणी प्यायला. म्हणजे डिझेल वाढलं."

दुसऱ्या दिवशी पेपर आला. डिझेल वाढलं होतं.

आबांचं मत एकच होतं: कर कमी करा. कर कमी केला की लोक आनंदानं भरतात, जास्त लोक भरतात आणि तिजोरी आपोआप भरते. त्यांच्या विरोधात खानावळवाल्या मावशी. त्या परभणीकडच्या, नवऱ्यामागं पंचवीस-तीस कामगारांचं जेवण रांधणाऱ्या. "आधी काय काय लागतंय ते बघावं, मग किती घ्यायचे ते ठरवावं," असं त्यांचं म्हणणं. "उगं कमी करा, कमी करा काय बोलायलात? डाळ काय कमी पैशात जास्त शिजती?" पोळ्या लाटता लाटता त्या भांडायच्या आणि आबा जेवता जेवता.

एके दिवशी मावशी सहज म्हणाल्या, "तुम्ही कर भरता का हो आबा?"

आबांचा घास थांबला. ते कर भरत नव्हते. त्यांची कमाई कराच्या जवळपासही जात नव्हती. तिसऱ्या दिवशी सदरा घालून, पगाराची चिठ्ठी घेऊन ते आयकर कचेरीत गेले आणि म्हणाले, माझ्यावर काही तरी कर लावा. जो भरतच नाही त्यानं कपात मागायची कोणत्या तोंडानं?

तिथल्या भल्या कारकुनानं त्यांना बसवलं, पाणी दिलं, चिठ्ठी उलटसुलट पाहिली. "काका, तमारो टॅक्स नथी बनतो," तो म्हणाला. आबांनी विनंती केली, थोडा तरी बनवा. कारकून म्हणाला, तसा कायदा नाही. आबा परत आले ते फारच अपमानित होऊन. "गुरुजी," ते म्हणाले, "सरकारला आपली गरजच नही. मग तूट कशी भरणार?"

तेव्हापासून दिल्लीवरचा त्यांचा विश्वास उडाला आणि त्यांनी लक्ष गल्लीकडे वळवलं.

गल्लीत दर खोलीमागं महिना दहा रुपये वर्गणी होती. त्यातून बोअरच्या मोटारीचं लाइट बिल, झाडूवाल्याचा पगार आणि कोपऱ्यावरचा बल्ब इतकं भागायचं. प्लेगची साथ येऊन गेल्यापासून झाडलोटीवर सगळ्यांचा कटाक्ष होता. वर्गणी गोळा करायला दरवर्षी एक प्रमुख निवडत. कुणालाच ते नको असायचं. त्या वर्षी आबा उभे राहिले आणि प्रचाराला दारोदार फिरले. वर्गणी निम्मी करणार. बिनविरोध निवडून आले.

महिन्याच्या पहिल्या रविवारी गिरणीच्या पायऱ्यांवर सभा भरू लागली. शाळेची जुनी घंटा माझ्या हातात देऊन मला सभापती केलं. एरवी घरात, कारखान्यात अहिराणी बोलणारे आबा सभेत मात्र पेपरातल्यासारखं मराठी बोलत. "सभागृहात आपली भाषा चालत नही," ते मला आधीच सांगून ठेवत, आणि उभे राहून म्हणत, "सन्माननीय सभापती महोदय, जनतेवरील बोजा हलका झाला आहे."

पाच रुपये केल्यावर पहिल्या महिन्यात खरोखरच सगळ्यांनी आनंदानं भरले. आबा मावशींकडे बघून हसले. दुसऱ्या महिन्यात निम्म्यांनी भरले नाहीत. आबांनी निदान केलं, पाचसुद्धा जड जात असणार. दोन रुपये केले. दोन रुपये मागायला जाणं लोकांना आणि आबांनाही अवघड वाटू लागलं, तेव्हा त्यांनी वर्गणी माफच केली. त्या संध्याकाळी पोरांनी त्यांना खांद्यावर घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत मिरवलं. बल्ब गेलेला असल्यामुळे परत येताना एकाचा पाय गटारात पडला, पण उत्साह कमी झाला नाही.

झाडूवाला येईनासा झाला. तरी आमची गल्ली स्वच्छच राहायची. आबा सांगायचे, करकपातीमुळे लोकांना शिस्त लागली. मी मात्र एकदा पहाटे उठलो आणि पाहिलं, आबा स्वतः बनियनवर, तोंडाला फडकं बांधून गटार काढत होते. मला बघून त्यांनी झाडू पाठीमागं लपवला. "कोणाले सांगू नका," ते म्हणाले. "सिद्धांत खोटा पडंल."

मग मोटार जळाली.

मोटार दुरुस्त करायला प्रत्येकी चाळीस रुपये लागणार होते. कुणीच देईना. ज्या गल्लीत वर्गणीच नाही, तिथं चाळीस कशाचे? नऊ दिवस बायका पर्वत पाटियाच्या रस्त्यावरून टँकरचं पाणी डोक्यावर आणत होत्या. दहाव्या दिवशी रविवार होता. मावशींनी अविश्वासाचा ठराव आणला.

सभेला माझी सोडून बाकी एकतीस खोल्यांतली माणसं होती. आबा अर्धा तास बोलले. तूट ही वाईट गोष्ट नाही, मोठमोठ्या देशांना असते, ज्याला भविष्य आहे त्यालाच तूट परवडते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कळश्या शेजारी रिकाम्या पडल्या होत्या.

मावशी उठल्या. हाताला पीठ तसंच.

"आबा, एकच विचारते. बीमवर एक तार तुटली अन् तुम्ही जोडली नाही, तर लूम चालतं का?"

"चालतं."

"कापड निघतं?"

"निघतं. पण रेघ पडते."

"किती लांब?"

आबांची बोटं हलायची थांबली. "जोडेपर्यंत," ते म्हणाले. "जोडलीच नाही, तर सगळ्या ताग्यात."

"एवढंच विचारायचं होतं," असं म्हणून मावशी बसल्या.

मी मतं मोजली. ठरावाच्या बाजूनं पंधरा, विरोधात पंधरा. पाणी नसलं तरी चालेल, पण वर्गणी नको, असं म्हणणारी पंधरा माणसं आमच्यात होती. उरलं होतं एकच मत, आबांचं स्वतःचं. मी घंटा हातात धरून त्यांच्याकडे पाहिलं. आबांनी ठरावाच्या बाजूनं हात वर केला.

"आबा, हा तुमच्याविरुद्धचा ठराव आहे," मी म्हणालो.

"माहीत शे गुरुजी," ते म्हणाले. "पण मुद्दा बरोबर शे त्यांचा." सभागृहात ते अहिराणीत बोलले, ते तेवढं एकदाच. मग खिशातून चाळीस रुपये काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवले.

मावशी प्रमुख झाल्या, वर्गणी पुन्हा दहा झाली, मोटार सुरू झाली, आणि आबांनी विरोधी पक्षनेतेपद घेतलं. ते त्यांना फार मानवलं. बल्ब साठ वॅटचा का, चाळीसचा का नाही? झाडूवाला गुरुवारी आला नाही, तर त्या दिवसाचा पगार का दिला? मावशी चिडायच्या, पण शनिवारी जेवणं उरकली की माझ्याकडे येऊन बसायच्या. "उद्या काय विचारतील हो ते? जरा सांगा की, तयारी करते." आणि ताटात पहिली गरम भाकरी मात्र आबांच्याच पडायची.

दोन-तीन वर्षं अशी गेली. मग आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. पांढऱ्या सुतात पांढरं टोक दिसेना. चुकीच्या तारा एकमेकींना जोडल्या जाऊ लागल्या. शेठनं दोनदा चालवून घेतलं, तिसऱ्यांदा हात जोडले. मुलीनं नंदुरबारहून जावयाला पाठवलं.

निघायच्या आदल्या दिवशी आबा माझ्याकडे एक कागद घेऊन आले. तिरप्या, एकमेकांवर चढलेल्या अक्षरांत विरोधी पक्षनेतेपदाचा राजीनामा होता. तो मंजूर करायचा मला काय अधिकार? पण ते उभेच राहिले. मी लाल पेन काढलं, 'मंजूर' लिहून सही केली. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, घडी घालून खिशात ठेवला. सकाळी उधना स्टेशनवरून भुसावळ पॅसेंजरनं ते गेले.

पुढच्या सभेत मावशींनी वर्गणी दहाची बारा करायचा प्रस्ताव मांडला. लाइट बिल वाढलं होतं. बोलून त्या थांबल्या. आम्ही सगळेच थांबलो. आबांची समोरची जागा रिकामी होती. मी विचारलं, कुणाला विरोध आहे का? नव्हता.

मावशी चालत आबांच्या जागी गेल्या आणि तिथं उभ्या राहून म्हणाल्या, "बारा कशाला? दोन वेळा मोटार लावता, एकदा लावा. टाकी भरून ठेवा. दहात भागतंय." एवढं बोलून त्या परत आपल्या जागी आल्या, उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि 'मुद्दा बरोबर आहे त्यांचा' म्हणून खाली बसल्या.

मी मतं घेतली. तीस हात दहाच्या बाजूनं. त्यात मावशींचाही.

"लिहा गुरुजी," त्या म्हणाल्या. "विरोधकांचा ठराव मंजूर."

"ठराव मांडला कुणी लिहू? तुम्ही?"

"मी कशाला? त्यांचंच नाव लिहा. गावाला गेलेत, मेले नाहीत."

मी वहीत आबांचं पूर्ण नाव लिहिलं. मास्तरकीची सवय, त्यापुढं कंसात लिहिलं: गैरहजर.